काचकाकांचं ग्रीस

संस्थेच्या दाराशी दोन हजेरीपुस्तकं असत. एक वैज्ञानिक कर्मचाऱ्यांचं, दुसरं तांत्रिक कर्मचाऱ्यांचं. पहिल्यात सही करणाऱ्यांना पांढरा कोट, दुसऱ्यात सही करणाऱ्यांना निळा. दर शुक्रवारी सभागृहात कुणाचं तरी व्याख्यान असे. खुर्च्या निळे कोट मांडत आणि व्याख्यान सुरू झालं की निघून जात. त्यांना कुणी जा म्हणत नसे, पण बसाही म्हणत नसे. काचकाका चौतीस वर्षं दुसऱ्या पुस्तकात सही करत आले होते.

प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं बनवायची आणि दुरुस्त करायची हे त्यांचं काम. मागच्या आवारात पत्र्याची शेड, आत लांब टेबल, त्यावर गॅसचा बर्नर, भिंतीला लागून काचनळ्यांच्या चळती, कोपऱ्यात भट्टी. तापलेली काच पिवळा झगझगीत उजेड फेकते, तो डोळ्यांवर येऊ नये म्हणून काका जांभळट भिंगांचा चष्मा लावत. तयार वस्तू भट्टीत ठेवून सावकाश निववायची, नाहीतर आतला ताण तसाच राहतो आणि आठवड्याने कपाटात कुणी हातही न लावता ती तडकते. हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. दहावी झाल्यावर ते दुकानांच्या झगमगत्या पाट्यांसाठी नळ्या वाकवणाऱ्या एका कारागिराकडे लागले होते. तिथे चार वर्षं बोटं भाजून घेतल्यावर संस्थेत जागा निघाली.

काकांची ओळख होती ती त्यांच्या तोट्यांमुळे. काचेच्या घरात काचेचीच खुंटी, दोन्ही बारीक भुकटीने एकमेकांवर घासून बसवलेली. खुंटी फिरवली की नळीतला द्रव थेंबाथेंबाने उतरतो, उलटी फिरवली की थांबतो. पण काच काचेवर कोरडी फिरत नाही, मधे ग्रीसचा पातळ थर लागतो. विकतचं ग्रीस काकांना पसंत नव्हतं. उन्हाळ्यात पाघळतं, थंडीत धरतं, अशी त्यांची तक्रार. म्हणून ते स्वतः बनवत. व्हॅसलीन, मेण आणि रबराचे तुकडे तीन दिवस मंद आचेवर ठेवायचे, मग फडक्यातून गाळायचं. ग्रीस लावलेली खुंटी उजेडासमोर धरून फिरवायची आणि थरात एक जरी रेघ दिसली तरी पुसून पुन्हा लावायचं, हा नियम. संस्थेतली प्रत्येक तोटी ग्रीस लावूनच शेडबाहेर पडे आणि महिन्यातून एकदा पुन्हा ग्रीसला शेडमध्ये येई. "तुम्ही प्रयोग करा," काका पांढऱ्या कोटांना सांगत, "माझ्या डब्यात बोट घालू नका."

पूर्वी या ग्रीसमध्ये कच्च्या रबराची पिवळट पत्री पडायची. ती विकणाऱ्याने दुकान बंद केलं तेव्हा काकांनी सायकलची जुनी ट्यूब कातरून घातली. रंग काळपट आला, तो गाळून गाळून चहाच्या रंगावर आणला. तोटी आधीपेक्षा मऊ फिरायला लागली. काकांना वाटलं, चला, दुकानदार गेला ते बरंच झालं.

त्यानंतर वर्षभराने त्यांची मुलगी संस्थेत आली. घरात तिला चिमी म्हणत. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास होऊन ती संशोधनाला आली होती आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमची प्रयोगशाळा शेडपासून पन्नास पावलांवर होती. तिने पहिल्या हजेरीपुस्तकात सही केली तेव्हा काका दुसऱ्या पुस्तकाशी उभे होते. घरी बायको म्हणाली, "एका घरात दोन रंगांचे कोट. आता बादल्याही दोन लागणार, तुमचा रंग सोडतो."

चिमीचा विषय एका झाडाची साल हा होता. या सालीत तेल खवट होऊ न देणारं काहीतरी आहे, असा मॅडमचा अंदाज. ते शोधायचं तर सालीचा अर्क उंच काचनळीत पांढऱ्या भुकटीवर ओतायचा, वरून द्रावक सोडायचा आणि तळाच्या तोटीतून उतरणारा द्रव ओळीने बाटल्यांत धरायचा. सालीतले वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या बाटल्यांत येतात. सुरुवातीचा द्रावक पेट्रोलसारखा, पुढचे निराळे. पहिल्या दोन बाटल्यांत डोळ्यांना दिसणारही नाही इतका थोडासा चिकट पदार्थ उतरला. तो खायच्या तेलात मिसळून ते उबदार कपाटात ठेवलं. साधं तेल चौथ्या दिवशी खवट झालं आणि हे पंधरा दिवस ताजं राहिलं.

पाच वर्षं त्या दोन बाटल्यांवर गेली. दोन शोधनिबंध छापून आले. अर्काशिवाय नुसत्या द्रावकाची चाचणीही चिमीने घेतली होती, पण ती बाटलीतला द्रावक थेट चंचुपात्रात ओतून. नळीतून आणि तोटीतून सोडून नाही. संस्थेत सगळे तसंच करत. तपासायचा तो पदार्थ, नळी आणि तोटी म्हणजे नुसती भांडी, असा सगळ्यांचा समज होता, आणि निबंध तपासणाऱ्यांपैकीही कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

प्रबंध लिहून झाला. एका परीक्षकाने शेवटच्या प्रकरणातलं एक मोजमाप पुन्हा करून मागितलं. दोन आठवड्यांचं काम. त्याच सुमारास चिमीची नळी धुताना बेसिनवर आपटली आणि तोटीपाशी फुटली. संस्थेत तेव्हा नव्या तोट्या आल्या होत्या. खुंटी पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकची, ग्रीस लागतच नाही. काकांनी जरा नाक मुरडूनच ती बसवली. पाणी भरून रात्रभर टांगून ठेवली. सकाळी खाली एक थेंब नव्हता. आपल्या तोटीपेक्षा ही सरस आहे हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

नव्या नळीतून चिमीच्या बाटल्यांत काहीच उतरलं नाही. तेल चौथ्या दिवशी खवट. पुन्हा केलं, पुन्हा खवट. मॅडम म्हणाल्या, साल जुनी झाली असेल. नवी साल आणली, तरी तेच. कुणी ऋतूला दोष दिला, कुणी झाडाला, आणि एकाने तर चिमीच्या हातालाच. तीन आठवडे ती घरी येऊन न जेवता झोपायची.

"माझी जुनी तोटी लावून बघू का?" काका एकदा म्हणाले. वडिलांनी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले.

"तोटीचा काय संबंध, बाबा?"

"नसेल. पण लावतो."

त्यांनी नवी तोटी कापून जुन्या धाटणीची जोडली, ग्रीस लावलं, रेघ बघितली. पंधरा दिवस तेल ताजं राहिलं. चिमी धावत शेडमध्ये आली. "बाबा, सोन्याचे हात आहेत तुमचे!" मॅडमनी पेढे वाटल्यासारखं हसून सगळ्यांना सांगितलं, "काका नसते तर आमचं शास्त्र गळून गेलं असतं." मोजमाप परीक्षकाकडे गेलं. तोंडी परीक्षेची तारीख लागली, पाच आठवड्यांनंतरची.

सगळे सुटले. काका मात्र अडकले. नवी तोटी गळत नव्हती हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. चांगल्या तोटीने काम बिघडतं आणि जुनीने सुधारतं, हे त्यांच्या धंद्याच्या हिशेबात कुठे बसेना. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चाललं ना, मग झालं तर. चौतीस वर्षं काकाही हेच म्हणत आले होते.

त्यांनी एकाच मापाच्या दोन नळ्या बनवल्या. एकीला आपली तोटी, दुसरीला प्लास्टिकची. साल नाही, अर्क नाही. दोन्हींतून नुसता पेट्रोलसारखा द्रावक सोडला, उडू दिला, उरलं ते तेलात मिसळलं. सहा काचेच्या बश्या, तळाला हिऱ्याच्या टोकाने कोरलेले आकडे. भट्टीच्या वरची फळी कायम कोमट असे, तिथे बश्या ठेवल्या. चिमीकडे होती तशी मोजणारी यंत्रं त्यांच्याकडे नव्हती. आणि स्वतःच्या नाकावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण कुठल्या बशीत काय आहे ते त्या नाकाला माहीत होतं. सहाव्या दिवशी बश्या झाकून घरी आणल्या आणि बायकोसमोर मांडल्या.

"हे काय आणलंत?"

"वास घे. खवट कुठलं ते सांग. आकडे बघू नकोस."

"लग्नाला तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कधी एक फूल हुंगायला दिलं नाहीत, आणि आता खवट तेल?"

"घे तर."

तिने हुंगलं. तीन बाजूला सारल्या. "ही फेकून द्या. या तीन अजून आठवडाभर चालतील." चालणाऱ्या तीनही बश्यांत काकांच्या तोटीतून आलेला द्रावक होता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तिसरी नळी वाढवली. माळ्यावरच्या एका डब्याच्या बुडाशी कच्च्या रबराचं जुनं ग्रीस खरवडण्यापुरतं शिल्लक होतं, ते तिसऱ्या तोटीला लावलं. त्यातलं तेल खवट झालं. फक्त ट्यूबच्या ग्रीसवालं टिकलं. तिसरी खेप दुसरीसारखीच केली आणि निकालही तोच आला.

मग ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. "ट्यूबच्या रबरात काय काय घालतात रे?"

"मला काय ठाऊक? का, कारखाना काढताय का, काका?"

"सांग की."

"रबर तसंच ठेवलं तर हवेने सडतं, चिरा पडतात. सडू नये म्हणून औषध घालतात एवढं माहितीये. कंपनीचा माणूस सांगत होता."

रबर सडू न देणारं औषध ग्रीसमधून पेट्रोलसारख्या द्रावकात विरघळून उतरत होतं आणि तेलही सडू देत नव्हतं. चिमीने पाच वर्षं खपून झाडात शोधलेला पदार्थ ट्यूबच्या प्रत्येक कारखान्यात पिंपाने येत होता.

परीक्षेला सतरा दिवस राहिले होते. काका चार दिवस गप्प राहिले. त्या चार दिवसांत त्यांनी काय काय ठरवलं आणि मोडलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोने एवढंच पाहिलं की ते सकाळी बूट घालून दाराशी बसून राहत. गप्प बसलं तर मुलगी डॉक्टर होणार होती, आणि तोंड उघडलं तर नाही. यात तिसरा रस्ता नव्हता. पाचव्या दिवशी रविवार होता. चिमी स्वयंपाकघरात चहा पीत परीक्षेची टिपणं वाचत होती. काकांनी बश्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं क्रमाने सांगितलं.

तिने टिपणं मिटून ठेवली. मग विचारलं, "किती वेळा केलं?"

"तीनदा."

"आईला माहीत होतं कुठली बशी कुठली?"

"नाही."

"प्रत्येक वेळी द्रावक एकाच बाटलीतला?"

"एकाच."

तिने एक बशी उचलून नाकाशी नेली, ठेवली, दुसरी उचलली.

"हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग का केलंत? काच वाकवायला ठेवलंय ना तुम्हाला तिथे? काच वाकवा. तुम्ही कुठले शास्त्रज्ञ लागून गेलात?"

"अगं, बापाशी बोलतेस तू," आई म्हणाली.

"आई, तू काय हुंगलंस माहितीये तुला? माझी पाच वर्षं हुंगलीस. आणि यांना सांगितलंस, ही फेकून द्या."

काका म्हणाले, "ग्रीस माझं होतं, चिमे."

"ते ग्रीस पाचशे तोट्यांना लागलंय. कुणाचं काही बिघडलं नाही. माझंच कसं बिघडलं?"

याचं उत्तर तिला स्वतःलाच ठाऊक होतं. तेल टिकतं का हे संस्थेत दुसरं कुणी बघत नव्हतं.

सोमवारी तिने प्रयोगशाळेत सगळं स्वतः केलं, यंत्रांवर. नुसता द्रावक, काकांची तोटी. ट्यूबचा तुकडाही द्रावकात भिजवून पाहिला. दोन्ही आलेख तिच्या प्रबंधातल्या आलेखावर ठेवले तर तिन्ही रेघा एकमेकींवर बसत होत्या. ते कागद घेऊन ती मॅडमकडे गेली आणि बाबांच्या बश्यांचंही सांगितलं.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी कागद दोनदा बघितले, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बस आधी. सालीत थोडं तरी असेलच. ग्रीसमुळे काही भर पडण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशी एक तळटीप टाकू. परीक्षक दोघंही वाचणार नाहीत. पदवी घे, मग पुढे शांतपणे बघू."

"सालीत नाहीये, मॅडम. प्लास्टिकच्या तोटीने तीन वेळा केलं होतं. काही नव्हतं."

"तुझे बाबा भले आहेत. पण ते तंत्रज्ञ आहेत. एका तंत्रज्ञाच्या बश्यांवरून—"

"बश्या त्यांच्या होत्या. हे आलेख माझे आहेत."

तिने प्रबंध मागे घेतला. विनंतीचा अर्ज चार ओळींचा होता. परीक्षेच्या ठरलेल्या दिवशी ती घरी होती, भांडी घासत होती. मॅडमनी नवा विषय द्यायची तयारी दाखवली, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती आणि पुन्हा पाच वर्षं त्याच दारातून आत शिरायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या गावी रंगाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून रुजू झाली. बसस्टँडवर आई गेली होती. "बाबांना येऊ नको म्हणावं," असा निरोप होता, आणि काकांनी तो पाळला.

इकडे काकांना कार्यालयाचं पत्र आलं. मंजूर नसलेलं साहित्य वापरल्याबद्दल खुलासा मागितला होता. काकांनी दोन वाक्यांत दिला. "ग्रीस मी बनवलं. तोटी गळत नव्हती." पत्र फाइलला लागलं. घरचं ग्रीस बंद झालं. प्लास्टिकच्या तोट्या सगळीकडे आल्या आणि काकांच्या टेबलावरचं निम्मं काम गेलं.

दोन्ही शोधनिबंध मागे घेतल्याची सूचना त्याच नियतकालिकात छापून आली. तिच्यात लिहिलं होतं, निष्कर्ष काचकाम विभागात तयार केलेल्या ग्रीसमधील अशुद्धीमुळे चुकीचे ठरले आहेत. हे कुणाच्या लक्षात आलं, कसं आलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. सुतारकाम विभागातल्या मित्राने चहाच्या वेळी सूचनेची प्रत फडकवली. "काका, आलं की शेवटी नाव छापून!"

"नाव कुठे आहे त्यात? ग्रीस आलंय," काका म्हणाले.

दीड वर्षाने ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत मॅडम स्वतः होऊन बोलायला उठल्या. बोलताना त्यांना शब्द शोधावे लागत होते. त्या म्हणाल्या की आपण ज्या पाट्या लावतो, हा वैज्ञानिक, हा तांत्रिक, त्या पुसून टाकायला हव्यात. काकांनी स्वतःविरुद्ध प्रयोग केला, एकदा नव्हे तीनदा केला, आणि शास्त्रज्ञ म्हणजे याहून वेगळं काय असतं. टाळ्या झाल्या. पांढऱ्या कोटांनीही वाजवल्या. काका हात जोडून बसले. बाहेर आल्यावर सुतार म्हणाला, "बघ, बाईंनी तुला शास्त्रज्ञ करून टाकलं."

"तीनदा केलं ते त्यासाठी नाही रे," काका म्हणाले. "एकदा तरी चुकेल म्हणून केलं."

चिमी दर रविवारी फोन करायची, आईला. बाबांची चौकशी आईमार्फत व्हायची, उत्तरं आईमार्फत जायची. खोकला कसा आहे, गोळ्या घेतात का. तिसऱ्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती रजा काढून आली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बापलेकीला दोन तास एका बाकावर बसावं लागलं. बाकाच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला ती, मधे आईची पिशवी.

रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलून झालं. डॉक्टरांच्या वयाबद्दल बोलून झालं. मग काकांनी विचारलं, "तिथे काम काय असतं तुला?"

"रंगाचा डबा येतो. उघडायचा, ढवळायचा, पत्र्यावर रंगाची पट्टी ओढायची. दाटपणा बघायचा, सुकायला किती वेळ लागतो ते बघायचं. बरोबर असलं की सही."

"आणि नसलं तर?"

"लाल शिक्का. परत."

"रोज येतात असे?"

"आठवड्याला पाचसहा."

"एवढे येतात, तर ते कशाने बिघडतात ते बघितलंस का कधी?"

चिमीने पिशवीतून आईच्या औषधांची चिठ्ठी काढली, वाचली आणि पुन्हा घडी घातली.

"नाही, बाबा. ते मी बघत नाही."

"वेळ मिळत नसेल."

"वेळ असतो," ती म्हणाली, आणि चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीकडे गेली. तिथे रांग होती. ती रांगेत शेवटी उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून.